फिजिसिस्ट ताई, तुमचे आभार मानायचे राहिले होते

ताई, त्या दिवशी कॅथ लॅबच्या, म्हणजे हृदयाच्या नळ्यांवर उपचार करतात त्या खोलीच्या, बाहेर इतकी गडबड होती की तुम्हाला धड थँक्यू पण म्हटलं नाही, म्हणून हे पत्र.

बाबा पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले तेव्हा हृदयाच्या नळीत एक स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, होताच, मग तिथेच परत ब्लॉकेज, परत बलून, स्टेंटच्या आत अजून एक स्टेंट, आणि आठ महिन्यांत पुन्हा छातीत दुखायला लागलं, जिन्यात मधेच थांबायचे आणि काही नाही गं म्हणायचे. बायपास आधीच झालेली. अजून एक थर नको असं डॉक्टर म्हणाले आणि ब्रेकीथेरपीचं, म्हणजे नळीच्या आतूनच रेडिएशन द्यायचं, नाव काढलं. आमच्या घरात रेडिएशन म्हणजे कॅन्सर, काकांचं सगळं बघितलेलं, आई तर तिथेच रडायला लागली.

तुम्ही, रेडिएशनचं काम बघणाऱ्या फिजिसिस्ट, मराठी ऐकून थांबलात, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलात आणि समजावलंत. बलूनने आर्टरी ताणली की आत जखम होते, ती भरायला पेशी वाढतात आणि वाढतच बसतात, म्हणून परत अरुंद होते, रेडिएशन ती वाढ रोखतं. आईच्या हातातल्या जपमाळेकडे बघून म्हणालात, अशीच माळ, फक्त मणी तांदळाच्या कणीएवढे, अडीच मिलिमीटरचे, स्ट्रॉन्शियम 90 चे. पाण्याच्या दाबाने बारीक नळीतून जागेवर जाते, काही मिनिटं थांबते, तशीच परत येते. किरणं काही मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत, मी पण तिथेच उभी असणार आहे. हे शेवटचं वाक्य ऐकून आई शांत झाली!

2000 साली अमेरिकेत याला मान्यता मिळाली, 2003 मध्ये औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि हे मागे पडलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. पण त्या स्टेंटमध्येही पुन्हा पुन्हा भरतं अशा बाबांसारख्यांसाठी तुम्ही लोकांनी हे चालू ठेवलंय, त्याचं मोल आम्हाला विचारा.

बाबांना एकच काळजी, नातीला मांडीवर घेता येईल ना. झाल्यावर तुम्ही त्यांच्या छातीवरून रेडिएशन मोजायचा मीटर फिरवलात, आकडा त्यांना वाचायला लावलात आणि म्हणालात, अंगात काही उरलेलं नाही, आजच घ्या.

रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही हे आईकडून दोनदा म्हणवून घेतलंत ना, ती आता चहाच्या आधी बाबांच्या हातावर गोळी ठेवते. आणि तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीये, पुढच्या चेकअपला घेऊन येतोय.