जीर्णोद्धाराच्या नावाखाली खान्देशातला वारसा बुजतो आहे

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजघराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, हे आपल्याला कळतं ते आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखामुळे. लेख १२०७ सालचा. त्यात जुन्या मराठीतला मजकूरही आहे, अगदी घाण्यावरून मठाला द्यायच्या तेलाची नोंदसुद्धा. अक्षरं उघडी होती, म्हणून एकोणिसाव्या शतकात संशोधक डॉ. भाऊ दाजी लाडांना तो वाचता आला.

आज गावोगावी अशी अक्षरं बुजवली जात आहेत. काळ्या पाषाणाचा खांब, त्यावर कीर्तिमुख, म्हणजे कोरलेला उग्र सिंहासारखा चेहरा, आणि त्याच्यावर ऑइल पेंट: आधी केशरी, मग पिवळा, मग चंदेरी. कीर्तिमुखाचे डोळे, दात सगळे थराखाली गेलेले. खाली टाइल्स, सांध्यांत सिमेंट. मुरलेल्या पाण्याला मग बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे करणाऱ्या गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. ते वर्गणी काढतात, अंगमेहनत करतात. नेमकं काय करावं हे सांगायला सरकारचं कुणी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

बलसाणे, चांगदेव, वाघळी या गावांतली जुनी देवळं केंद्राने संरक्षित केली आहेत. पण यादीबाहेरच्या देवळांचं, पारावर टेकवून ठेवलेल्या वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांचं काय? राज्याच्या हातात प्राचीन स्मारकांसाठी १९६० चा स्वतंत्र कायदा आहे, तो तालुक्यापर्यंत उतरलेला दिसत नाही. नव्या सभामंडपाला मात्र निधी मिळतो.

पूजाअर्चा, उत्सव गावाचे. सरकारने त्यात पडू नये. जुनं बांधकाम, कोरीवकाम आणि लेख सांभाळणं मात्र सरकारचंच काम आहे, मग ते देऊळ असो की एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याची झुलत्या मनोऱ्यांसाठी ओळखली जाणारी मशीद.

प्रत्येक तालुक्यात अशा वास्तूंची फोटोंसह नोंद करा, शिलालेखांचे ठसे घ्या. जुन्या वास्तूच्या कामाला सरकारी पैसा देण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या माणसाने ती प्रत्यक्ष पाहिलीच पाहिजे, अशी अट घाला. आणि जुन्या दगडाला ऑइल पेंट, सिमेंट लावू नये, एवढं साध्या मराठीत लिहिलेलं पत्रक सगळ्या ग्रामपंचायतींना पाठवा. नवरात्राच्या तोंडावर देवळांची रंगरंगोटी सुरू होते. पत्रक त्याआधी पोहोचावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
चाळीसगाव तालुक्यातील एक शिक्षिका