पुणे-पिंपरीची बस एक, मग साथरोगांची नोंदवही वेगळी का? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस,

सविनय नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारी सिंड्रोमची, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा राज्याच्या आरोग्य खात्याकडून नियमित पत्रक निघत असे. एकूण रुग्ण किती, व्हेंटिलेटरवर किती, घरी किती गेले, हे आकडे त्यात असत. शिवाय रुग्णांची विभागणी असे: पुणे महापालिका, महापालिकेत नव्याने आलेली गावं, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे ग्रामीण आणि इतर जिल्हे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रुग्ण दोनशेच्या वर गेले आणि त्यातले जवळजवळ निम्मे नव्या गावांमधले होते. मी सांगवीत फॅमिली डॉक्टर आहे. ते पत्रक हातात आलं की माझी नजर त्या पाच रकान्यांवर अडायची. एनआयव्हीच्या, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत नमुन्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडत होते, संशय पाण्यावर होता, आणि ते पाणी तर एका हद्दीतून उचललं जाऊन दुसऱ्या हद्दीत प्यायलं जात होतं.

उपचारांचीही तशीच वाटणी झाली. पिंपरी-चिंचवडच्या रुग्णांनी तिथल्या महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात, पुण्याच्या रुग्णांनी पुणे महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात आणि ग्रामीण भागातल्यांनी सरकारी ससून रुग्णालयात जावं, तिथे मोफत उपचार होतील, असं जाहीर झालं. मोफत उपचारांचा निर्णय फार चांगला होता, कारण या आजारावरची इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं चांगल्या पगारदार कुटुंबालाही परवडत नाहीत. पण ज्याच्या पायातली ताकद काल संध्याकाळपासून जाते आहे, त्याच्या घरच्यांनी आधी रेशन कार्डावरचा पत्ता पाहावा, ही वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

हे पत्र मी आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला का लिहिते आहे, ते आधी सांगते. आरोग्य खातं लस देतं, औषधं देतं, मार्गदर्शक सूचना काढतं. पण महापालिकेच्या आरोग्य विभागाचा आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांची रचना, तिथली रिक्त पदं, मलनिस्सारणाचे प्रकल्प, हद्दवाढ, या सगळ्याच्या फायली आपल्या खात्यात येतात. दोन महापालिकांना एका टेबलाशी बसवून कायमचं काही ठरवून घेण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

आता माझ्या दवाखान्यात दर पावसाळ्यात काय दिसतं ते सांगते. समजा वाकडला राहणारा एक तरुण तापाने आला, तपासणीत डेंग्यू निघाला. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. त्याची नोकरी हिंजवडीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीत. मुलीची शाळा बाणेरला, म्हणजे पुणे महापालिकेत. नियमाप्रमाणे नोंद त्याच्या राहत्या पत्त्यावर होते. कर्मचारी घरी येतात, फ्रिजमागचा ट्रे पाहतात, कुंड्यांखालच्या बशा उलट्या करतात, गच्चीवरच्या टाकीचं झाकण तपासतात, कुठे अळ्या दिसल्या तर नोटीस देतात. ही माणसं उन्हातान्हात जिने चढून मनापासून काम करतात, मी ते पाहिलेलं आहे. पण डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो. दिवसभर तो तरुण हिंजवडीत असतो. त्याच्या ऑफिसशेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल, तिथे काँक्रीट ओलं ठेवायला मारलेलं क्युरिंगचं पाणी साचलेलं असेल, तर खरी जागा ती. वाकडच्या घरात काहीच सापडत नाही आणि तपास तिथेच थांबतो. त्याच ऑफिसमधले आणखी चौघे कोथरूड, पिंपळे सौदागर, बावधन, तळेगावला आजारी पडले असतील, तर ते चार वेगळ्या ठिकाणी चार सुटे रुग्ण म्हणून लिहिले जातात. ती पाच नावं एका कागदावर आली असती तर कुणाही साथरोगतज्ज्ञाने दहा मिनिटांत बांधकामाकडे बोट दाखवलं असतं. एडिस डास स्वतः काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. विषाणूला शहरभर फिरवतो तो माणूस, कामाला जाता-येता. म्हणून राहत्या पत्त्याइतकीच कामाच्या जागेची नोंद महत्त्वाची आहे, आणि ती हद्दीपलीकडे पोचली तरच उपयोगाची आहे.

२०२४ मध्ये पुण्यातल्या एरंडवण्यात झिकाचे, म्हणजे एडिस डासामुळेच पसरणाऱ्या आणि गर्भाला धोका असलेल्या विषाणूचे रुग्ण सापडले, तेव्हा आसपासच्या गरोदर बायकांचे नमुने एनआयव्हीकडे पाठवले जात होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर कोथरूडचं, माहेर भोसरीचं, अशी बाई सातव्या महिन्यात हद्द ओलांडते. तिच्या तपासणीचा कागद तिच्या पिशवीतून जातो. दोन्ही आरोग्य विभागांमध्ये तो आपोआप पोचेल अशी व्यवस्था असायला हवी. झिकात तर बाळाच्या डोक्याच्या वाढीवर पुढे कितीतरी महिने लक्ष ठेवावं लागतं.

आणि नदी. मुळेचा एक काठ पुणे महापालिकेतल्या औंध-बोपोडीचा, दुसरा पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवीचा. उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णी दाटते, संध्याकाळी सांगवीत खिडकी उघडता येत नाही इतके डास होतात. जलपर्णी काढण्याची निविदा दोन्हीकडे स्वतंत्र निघते, काम वेगळ्या वेळी सुरू होतं. एका बाजूने मशीन लावून पात्र मोकळं करावं आणि महिनाभरात वरून नवी जलपर्णी वाहत यावी, हे इथल्या लोकांनी इतक्यांदा पाहिलंय की आता तक्रार करायलाही कुणी जात नाही. दोन्ही महापालिकांचं कमी-अधिक शुद्ध केलेलं आणि न केलेलंही सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं, पुढे उजनीत जातं. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. पंढरपूरला वारकरी त्याच भीमेत स्नान करतात. पुण्याच्या मैलापाणी प्रकल्पाची बैठक होते, तेव्हा सोलापूर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला तिथे खुर्ची असावी, असं मला फार वाटतं.

यावर काही जण म्हणतील, सगळं एकाच महापालिकेत घाला म्हणजे प्रश्न मिटेल. मला ते पटत नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही त्यातलीच. कागदावर ती शहर झाली, पण जीबीएसची साथ आली तेव्हाही नांदेड परिसरात विहिरीचं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून नळाला सोडलं जात होतं, शुद्धीकरण केंद्र नव्हतं. हद्द वाढवल्याने जलवाहिनी येत नाही. शिवाय स्वतंत्र महापालिका असण्याचे फायदेही आहेत. पिंपरी-चिंचवडने वायसीएमसारखं मोठं रुग्णालय उभं केलं, ते स्वतःच्या बळावर. तेव्हा विलीनीकरण नको, जोडणी हवी.

जोडणीचं उदाहरण आपल्याच दारात आहे. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली. पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. तोट्यावरून कुरबुरी झाल्या, होतात, पण निगडीहून कात्रजला जाणाऱ्या माणसाला हद्दीवर बस बदलावी लागत नाही. दोन महापालिका मिळून कंपनी चालवू शकतात, पैशाचं सूत्र ठरवू शकतात, हे इतक्या वर्षांत सिद्ध झालेलं आहे. साथरोगांसाठी याच धर्तीवर संयुक्त यंत्रणा का असू नये?

कोरोनात आपण तेही करून पाहिलं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर आणि पिंपरीत नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवर जम्बो, म्हणजे मोठी तात्पुरती रुग्णालयं उभी राहिली. त्यात राज्य सरकार, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि दोन्ही महापालिकांचा पैसा होता. सुरुवातीला व्यवस्थापनात गंभीर उणिवा राहिल्या, त्याची किंमत रुग्णांनी मोजली. नंतर काम सुधारलं. साथ ओसरली, मंडप उतरले. उतरायलाच हवे होते. पण त्यासोबत एकत्र बसण्याची सवयही मोडली, आणि जीबीएसच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

शहरं एकमेकांकडून शिकू शकतात हेही नवं नाही. २०१० च्या जीवघेण्या उष्णतेनंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा केला. तो पाहून नागपूरने स्वतःचा केला, आणि केवळ शहरापुरता न ठेवता शेजारच्या शहरांना बरोबर घेतलं. विदर्भात हे जमलं.

मंत्रिमहोदय, माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. पुणे महानगरासाठी एक कायमस्वरूपी संयुक्त साथरोग कक्ष हवा. त्यात दोन्ही महापालिका, जिल्हा परिषद, पीएमआरडीए आणि पुणे, खडकी, देहूरोड ही तिन्ही कॅन्टोन्मेंट बोर्डं असावीत. कॅन्टोन्मेंट संरक्षण खात्याकडे असल्याने त्यासाठी केंद्राशी बोलावं लागेल, ते आपणच करू शकता. कक्षाला पूर्णवेळ साथरोगतज्ज्ञ द्या, अतिरिक्त कार्यभारावरचा अधिकारी देऊ नका. रुग्णांची एकच यादी असू द्या, तिच्यात घर आणि कामाची जागा दोन्ही नोंदवली जावी. विहिरी, टँकर भरण्याच्या जागा, खासगी आरओ प्रकल्प यांच्या पाण्याचे अहवाल त्याच कक्षात यावेत आणि नाव वगळून आकडे प्रभागवार लोकांसमोर मांडले जावेत. खर्चाची वाटणी पीएमपीएमएलसारखी ठरवता येईल. प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात महानगरांच्या रोग सर्वेक्षण कक्षांसाठी तरतूद आहे. तो कक्ष एका महापालिकेच्या हद्दीत न अडकवता सगळ्या महानगराचा करता येईल. आणि साथीच्या काळात कुठल्याही सरकारी वा महापालिका रुग्णालयाच्या दारात रुग्णाला पत्ता विचारून परत पाठवलं जाणार नाही, असा स्पष्ट शासन निर्णय काढा.

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं काम पीएमआरडीएने हाती घेतलं. ग्रामपंचायत, पिंपरी-चिंचवड आणि पुणे, तिन्ही हद्दींतून रोज लाखो माणसं आणखी वेगाने ये-जा करणार आहेत. लोकांची ये-जा जोडण्यासाठी आपण इतका पैसा आणि इतकी बुद्धी खर्च करतो आहोत. त्यांच्या आजारांची माहिती जोडायला त्याच्या तुलनेत फारच थोडं लागेल.

डेंग्यूचे रुग्ण जुलैपासून वाढायला लागतात. त्याआधी, मे महिन्यात, दोन्ही आयुक्त, आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि कॅन्टोन्मेंटचे प्रतिनिधी यांची एक बैठक आपण स्वतःच्या अध्यक्षतेखाली घ्यावी आणि तिचं इतिवृत्त प्रसिद्ध करावं. आमच्यासारख्या खासगी डॉक्टरांना बोलावलंत तर आम्ही आपापल्या नोंदी घेऊन येऊ.

आपली नम्र,
जुनी सांगवीतील एक फॅमिली डॉक्टर