बायोप्सीचा तुकडा नीट ठेवला तर मुंबईची फेरी वाचेल

संपादक साहेब,
स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण १०० पैकी १५ ते २० जणींच्या पेशींवर एचईआर२ नावाचं प्रोटीन जास्त असतं आणि ट्रास्टुझुमॅब हे औषध त्यांनाच लागू पडतं, हे कळतं कसं तर बायोप्सीच्या, म्हणजे गाठीतून काढलेल्या तुकड्याला या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी लावून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर. पण तुकडा लगेच फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, जायला हवा आणि त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो. आमच्या देवगडातून बाईला तपासणीसाठी मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचं म्हणजे कोकणकन्येची रात्र, सोबत एक माणूस, आणि ऐन आंब्याच्या दिवसांत घर टाकून! तोच तुकडा मेणात बसवून केलेला ब्लॉक मात्र कुरियरने जातो. मग तालुक्यालाच फॉर्मालिन, वेळेची नोंद आणि ब्लॉक पाठवायची सोय का नको? आणि बायांनो, तुमचा ब्लॉक कुठे ठेवलाय ते विचारून घ्या, पुढे परत लागतो.
– एक वाचक, देवगड