उत्तर उताऱ्यावरूनच तपासले जावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत न शिकवलेला उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारले जातात. आपल्या सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलांना हे प्रश्न फार जड जातात. घरी मराठी, कचेरीत आणि बसच्या पाटीवर कन्नड आणि उतारा इंग्रजी, अशी त्यांची स्थिती असते. तरीही गुण जातात ते केवळ इंग्रजी कच्चे असल्यामुळे नव्हे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी खानापूर तालुक्यातील शाळेतून निवृत्त झालो असून गावातील दहावीची मुले अजूनही संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात. त्यांच्यापैकी काहींनी अलीकडे एका खासगी संस्थेची सराव परीक्षा दिली आणि तिची प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका मी बारकाईने पाहिली.

उतारा जपानने परकीयांना दूर ठेवल्याच्या काळावर होता. त्याचा आशय थोडक्यात असा : तोकुगावा घराण्यातील तिसरा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, इएमित्सु याच्या राजवटीत १६३३ ते १६३९ या काळात एकामागून एक फर्माने निघाली. १६३५ च्या फर्मानाने जपानी माणसाला परदेशी जाण्याची मनाई झाली आणि परदेशी राहिलेला कोणी परत आल्यास त्याला देहदंड ठरला. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे उठाव झाला, त्यात ख्रिस्ती शेतकरी मोठ्या संख्येने होते. ख्रिस्ती धर्माचा प्रसार आपल्या सत्तेला धोका आहे असे शोगुनशाहीला वाटत होते, म्हणून १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली. डच व्यापाऱ्यांना १६४१ मध्ये नागासाकी बंदरातील देजिमा या भराव घालून बांधलेल्या छोट्या बेटावर हलवण्यात आले आणि चिनी व्यापारीही नागासाकीला येत राहिले. पुढे १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाचा अधिकारी पेरी चार युद्धनौका घेऊन आला आणि १८५४ मध्ये तह झाला.

खाली प्रश्न होता, ‘या उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो?’ उत्तरतालिकेत बरोबर ठरवलेला पर्याय होता : ‘या काळात जपानचा बाहेरच्या जगाशी कोणताही संबंध उरला नव्हता.’ एका मुलीने दुसरा पर्याय निवडला होता : ‘संबंध उरला होता, पण तो सरकारने नेमून दिलेल्या जागी आणि नेमून दिलेल्या लोकांपुरता होता.’ तिच्या प्रश्नपत्रिकेवर देजिमाच्या आणि चिनी व्यापाऱ्यांच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. म्हणजे तिने अंदाजाने खूण केली नव्हती, पुरावा शोधून मगच केली होती, आणि तिचाच गुण कापला गेला. पालकांनी विचारणा केली तेव्हा ‘जपान त्या काळी बंद होता हे सर्वांना माहीत आहे’ असे उत्तर मिळाले. माझा आक्षेप नेमका येथे आहे. सर्वांना काय माहीत आहे हे या प्रश्नात विचारलेलेच नव्हते.

इतिहास पाहिला तरी त्या मुलीचेच म्हणणे टिकते. नागासाकीखेरीज त्सुशिमाच्या सरदाराच्या मार्फत कोरियाशी, सात्सुमाच्या सरदाराच्या मार्फत र्‍यूक्यू बेटांशी आणि उत्तरेकडे मात्सुमाएच्या सरदाराच्या मार्फत आइनू लोकांशी व्यवहार चालूच होता. १७२० मध्ये शोगुन योशिमुने याने ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या परदेशी पुस्तकांवरील बंदी सैल केली आणि १७७४ मध्ये शरीररचनेवरील एका डच ग्रंथाचे जपानी भाषांतर प्रसिद्ध झाले. मात्र यांपैकी काहीही उताऱ्यात नव्हते, त्यामुळे तिचे उत्तर बरोबर ठरते ते या माहितीमुळे नव्हे. समोरच्या दोन ओळी वाचल्या की ते बरोबर ठरते, आणि परीक्षकाने तेवढेच पाहायला हवे होते.

आता मुलांकडूनही जे घडते ते लिहिले पाहिजे. ‘१६३५ चे फर्मान का निघाले?’ या प्रश्नाला अनेकांनी ‘शिमाबाराच्या उठावामुळे’ असे उत्तर लिहिले. उठाव १६३७ चा आहे. दोन वर्षांनंतर घडलेली गोष्ट आधीच्या फर्मानाचे कारण होऊच शकत नाही, आणि हे कळायला इंग्रजीही फारसे लागत नाही, सालांकडे लक्ष गेले तरी पुरे. पण प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ज्या वाक्यात तो सापडेल ते किंवा त्याच्या पुढचे वाक्य जसेच्या तसे उतरवायचे, अशी सवय गाईडांनी आणि काही शिकवण्यांनी मुलांना लावली आहे. सोप्या प्रश्नांत ही युक्ती चालते, म्हणून ती मोडत नाही. कारण विचारले की मात्र ती हमखास फसते.

दुसरे उदाहरण आपल्या भागाचेच आहे. पोर्तुगीजांना का घालवले, या प्रश्नाला एका मुलाने ‘त्यांनी जपानचा मुलूख बळकावला होता म्हणून’ असे लिहिले. त्याचे वडील कामानिमित्त गोव्यात असतात. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि तेथे १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते हे त्याने घरी ऐकलेले आहे. ते ज्ञान खरे आहे, पण जपानमध्ये पोर्तुगीजांचे राज्य कधी नव्हते आणि उताऱ्यातही तसे कोठे म्हटलेले नव्हते. या मुलाचा गुण गेला तो योग्यच गेला. मला वाईट याचे वाटले की, जो मुलगा दूरच्या देशाची गोष्ट आपल्या घरच्या माहितीशी जोडून पाहतो, त्याची बुद्धी मंद नक्कीच नाही. आपली माहिती कोठे थांबवायची हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नाही. वास्तविक गोवा आणि जपान यांचा धागा फार जवळचा आहे. ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघून जपानमधील कागोशिमाला पोहोचला आणि त्याचे पार्थिव आजही जुन्या गोव्यात आहे. उतारा सोडवून झाल्यावर ही हकीकत मुलांना सांगितली तर उतारा त्यांच्या लक्षात राहतो. उत्तर लिहिण्याआधी सांगितली तर ती उत्तरात शिरते.

माझ्याकडच्या मुलांना मी आधी उतारा वाचून त्याचा आशय मराठीत, आपल्या शब्दांत सांगायला लावतो. कोणी काय केले, आधी काय झाले, नंतर काय झाले, एवढे सांगता आले की मगच प्रश्न उघडायचे. प्रत्येक उत्तराशेजारी ते कोणत्या ओळीवरून काढले त्या ओळीचा क्रमांक लिहायचा. ओळ सापडत नसेल तर ते उत्तर आपल्या डोक्यातले आहे असे समजायचे. ‘कोणताही’, ‘संपूर्ण’, ‘कधीच नाही’ असे ठाम शब्द असलेला पर्याय उताऱ्यातील एका विरुद्ध ओळीनेही बाद होतो, हे मुलांना लवकर उमगते. या पद्धतीला वेळ लागतो आणि सुरुवातीला मुले कंटाळतात, परंतु शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांनी आठवड्यातला एक तास यासाठी राखून ठेवावा असे मला मनापासून वाटते. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उताऱ्याचा आशय मराठीत सांगू देण्यात काही कमीपणा नाही.

सराव परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडे माझे एवढेच मागणे आहे की, उत्तरतालिकेत बरोबर पर्यायाबरोबर उताऱ्यातील ओळीचा क्रमांकही छापावा. ज्या उत्तराला अशी ओळ दाखवता येत नाही, तो प्रश्न रद्द करून त्याचा गुण सर्वांना द्यावा, आणि मुलांनी वा पालकांनी घेतलेल्या हरकतीला लेखी उत्तर द्यावे. ही मुले शुल्क भरून, खेड्यातून एसटीने शहरात येऊन परीक्षा देतात. आपल्या दैनिकात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सराव प्रश्नपत्रिका छापल्या जातात, त्यांतील उताऱ्यांच्या उत्तरांपुढेही ओळीचा क्रमांक देण्यास या वर्षीपासूनच आरंभ करावा, अशी आपणास विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव