कॅन्सरचा कमी आकडा आणि हळदीचं श्रेय

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. ऑस्ट्रेलियात लाखामागे वर्षाला साडेचारशेवर कॅन्सरचे नवे रोगी सापडतात, आपल्याकडे जेमतेम शंभर, आणि हा सगळा हळदीचा नि वरण-भाताचा प्रताप! आकडे बरोबर आहेत, २०२२चे जागतिक अंदाज तेच सांगतात. पण कॉलेजात जन्मभर सांख्यिकी शिकवल्यामुळे निष्कर्ष वाचून गप्प बसवेना.

आपला देश तरुण म्हणून रोग कमी, असंही कुणी म्हणेल. तेही चालत नाही, कारण हे दर वयाचा फरक काढून टाकूनच मांडतात. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या कातडीला तिथलं ऊन सोसत नाही आणि त्वचेचे कॅन्सर त्या आकड्यात धरलेले आहेत. शिवाय तिथे तपासण्या नियमित होतात, त्यामुळे छोटी गाठही मोजली जाते. राहणीचाही वाटा आहेच. जपानहून हवाईला गेलेल्यांच्या पुढच्या पिढीत जठराचा कॅन्सर घटला आणि आतड्याचा, स्तनाचा वाढला.

त्या पत्रात मृत्यूंचा आकडा मात्र नव्हता. २०२२ मध्ये भारतात अंदाजे १४ लाख नवे रोगी आणि ९ लाख मृत्यू, म्हणजे तिघांमागे जवळजवळ दोन. (यंदाचे मृत्यू यंदाच्याच रोग्यांचे नसतात हे मला कळतं, पण ढोबळ अंदाजाला चालतं.) ऑस्ट्रेलियात हेच प्रमाण चौघांमागे एक आहे. त्वचेचे सौम्य प्रकार वगळले तरी ते आपल्या निम्म्याच्या आसपासच राहतं. आपल्याकडे रोगी उशिरा पोचतो, हे याचं एक मोठं कारण.

आणि 'भारतीय आहार' म्हणजे कुणाचा? २०१२ ते २०१६च्या नोंदींत मिझोरममधल्या ऐझॉलला पुरुषांचा दर लाखामागे २६९ होता, धाराशिव-बीडकडे चाळीसच्या आसपास.

इंदूरपुरतं बोलायचं तर हळदीपेक्षा सुपारीकडे बघावं. माझा भाचा तंबाखूला कधी शिवला नाही, नुसत्या सुपारीचे पाऊच खायचा. दातांच्या डॉक्टरांनी तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली, तर दोनही जाईनात. तोंड असं आखडणं हा कॅन्सर नव्हे, पण त्यातून पुढे तो होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक म्हटलं आहे. गुटख्यावर देशात सर्वांत आधी, २०१२ मध्ये, बंदी घातली ती आपल्याच मध्य प्रदेशाने. आता पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, आणि दोन्ही तळहातावर एकत्र! आपण मराठी मंडळी तरी कुठे मागे आहोत? पंगत उठली की अडकित्ता निघतोच.

आपल्या नगर निगमाची कचऱ्याची गाडी रोज प्रत्येक दारी पोचते. मग प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एक दिवस तोंड तपासणारा दंतवैद्य बसवणं फार अवघड नसावं. सुरुवातीला खुर्ची आणि टॉर्च पुरे. आणि आपणही असे आकडे छापाल तेव्हा नव्या रोग्यांच्या शेजारी मृत्यूंचा रकाना छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका,
लोकमान्य नगर, इंदूर