बाबा, हे आईलाही वाचून दाखवा

ति. बाबा आणि प्रिय आई,
प्रभूच्या नावात सलाम.

पत्र आलं म्हणून घाबरू नका. नोकरी सुटलेली नाही, लग्नबिग्न परस्पर जमवलेलं नाही. फोनवर आपलं ‘जेवलीस का, पाऊस आहे का, गुडघा कसा आहे’ एवढ्यावर संपतं आणि सांगायचं ते तसंच राहतं. चष्मा लावून सावकाश वाचा. आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळलं की तिला बरोबर कळतं.

गेल्या पावसाळ्यापासून माझी प्रार्थना होत नाहीये. इथे सुरतेला उपासनेला जाते, गाणी म्हणते, तरुण संघाच्या खुर्च्यासुद्धा मांडते. पण डोळे मिटले की समोर कुणी नसतं. मेडिकलवरून सुटायला रात्रीचे दहा वाजतात, थकवा असेल म्हणून काही दिवस सोडून दिलं. थकवा नव्हता. आई दर रविवारी विचारते, ‘चर्चला गेली होतीस ना?’ मी ‘हो’ म्हणते. ते खरं असतं, म्हणूनच जास्त टोचतं.

हे कधीपासून, म्हणून मागे मागे जात राहिले तर थेट आपल्या खुराड्यापाशी पोचले. फेब्रुवारी 2006. देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आपल्या नवापुरात. मी तिसरीत होते, बाबा पोल्ट्रीवर कामाला. घरच्या सात कोंबड्या आणि तो लंगडा कोंबडा. बाबांनीच त्याचं नाव पेत्र ठेवलं होतं, कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याचं, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचे. संडेस्कूलमध्ये नुकतंच शिकवलेलं, की बापाला कळल्यावाचून एक चिमणीसुद्धा जमिनीवर पडत नाही. चिमणीचं कळतं तर कोंबडीचं का नाही कळणार? मी तीन रात्री प्रार्थना केली. मग ते पांढरे कपडे, तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल लावलेले लोक आले. सातही कोंबड्या गोणीत गेल्या. पेत्राला मी सरपणामागे लपवलं होतं. लोक फाटकापर्यंत गेले आणि हा आरवला.

तेव्हा तुम्ही दोघंही मला काही बोलला नाहीत. आईने नुसते माझे हात दोनदा साबणाने धुतले.

आणि पुन्हा 2021. फेब्रुवारीच, नवापूरच. लॉकडाऊनचं वर्ष कसंबसं काढून बाबांना नुकतं काम परत मिळालं होतं. त्या आठवड्यात घरी प्रार्थनेला एक जण आले आणि म्हणाले, घरात काही लपलेलं पाप असेल, तपासून बघा. (आई, तू त्यांना चहा दिलास, पण बशी दिली नाहीस. माझं लक्ष होतं.) ते गेल्यावर बाबा प्रार्थनेला बसले. म्हणाले, ‘प्रभू, काही कळत नाही.’ मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढे एकदम ‘आमेन’च. मला इतका राग आला होता! वाटलं, बाबांचा देव फार स्वस्तात सुटला.

मध्ये एका रात्री मत्तयाचं शुभवर्तमान वाचत होते. योहान तुरुंगात असतो तो भाग. ज्याने येशूला यार्देनेत बाप्तिस्मा दिला, लोकांना बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणून सांगितलं, तोच आता त्याला निरोप पाठवतो: येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? हे मी वीसदा तरी ऐकलं असेल. पण येशू त्याच्यावर चिडत नाही, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही जे बघता-ऐकता ते त्याला जाऊन सांगा, म्हणतो. आणि निरोप्ये वळल्यावर लोकांसमोर त्याच योहानाचं कौतुक करतो. तरी तुरुंगाचं दार काही उघडत नाही. पुढे त्याचं मुंडकंच उडवतात. प्रवचनात सहसा हे सांगत नाहीत. मला मात्र त्यानेच धीर आला, का ते नीट सांगता येत नाही. 88वं स्तोत्रही तसंच, शेवटपर्यंत अंधारच. तरी ते कुणी पुस्तकातून काढून टाकलं नाही.

रूमवर अमळनेरची एक मुलगी आहे, घर वारकरी. तिला भीत भीत सांगितलं तर हसली. ‘आमना तुकोबा ते इठोबासंगे रोज भांडे!’ मग आठवलं, आपण ज्यांची भजनं म्हणतो ते ना. वा. टिळकही म्हणायचे की आपण तुकोबाच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो. भांडण असं घरचंच निघालं.

सध्या रात्री मी तुमचीच प्रार्थना म्हणते, बाबा. तेवढीच. ‘प्रभू, काही कळत नाही.’ समोर कुणी आहे असं अजूनही रोज वाटत नाही, पण नाहीच असंही म्हणवत नाही. कधी आमेन होतं, कधी तसंच झोपते. पण एक विचारायचंय. ते वाक्य त्या दिवशीचं होतं, की 2006पासून मनात होतं? आणि आई, तू भल्या पहाटे चुलीपुढे पुटपुटतेस, तेव्हा तुला समोर कुणी असल्यासारखं रोज वाटतं का? खरं सांग. पास्टरांच्या बायकोला सांगतेस तसं नको.

नाताळला 23 तारखेला येते. बाबा, स्टेशनवर त्या अर्ध्या महाराष्ट्रात, अर्ध्या गुजरातमध्ये असलेल्या बाकड्यावर महाराष्ट्राच्या बाजूलाच बसा. गेल्या वेळी तुम्ही गुजरातमध्ये जाऊन बसलात आणि मी तिकीटखिडकीपाशी शोधत राहिले. रात्रीच्या प्रार्थनेत माझी पाळी आली तर मला वगळू नका. फक्त मी लांबलचक काही बोलले नाही तर आईने चिमटा काढायचा नाही.

तुमची,
धाकटी