मंत्रिमहोदय, ‘व्यावहारिक उपयोग’ रात्री दोन वाजता नळाला येतो

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी सोलापुरातील सभेत उन्हाळ्यापूर्वी दिवसाआड पाणी देण्याचा शब्द आपण दिलात, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. काल आमच्या नळाला सहाव्या दिवशी, रात्री दोन वाजता पाणी आले. भरलेली बादली घेऊन जिना चढताना माझी पत्नी घसरली आणि तिच्या मनगटाला प्लॅस्टर घालावे लागले. आज दुपारी, राजकीय पर्यावरणशास्त्राच्या, म्हणजे पर्यावरणाच्या प्रश्नांमागची सत्ता आणि धोरणे तपासणाऱ्या विद्याशाखेच्या अभ्यासक्रमाचा माझा प्रस्ताव ‘व्यावहारिक उपयोग स्पष्ट होत नाही’ अशा शेऱ्यासह आपल्याकडून परत आला.

तो उपयोग सांगतो. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ पिअर्स ब्लेकी यांनी १९८५ साली जमिनीच्या धुपेचा विचार करताना शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देऊन विषय संपवला नाही. त्याला धुपणाऱ्या जमिनीवर कसायला कोणत्या धोरणांनी आणि सत्तासंबंधांनी भाग पाडले, हे विचारले. हाच प्रश्न उजनीला विचारून पाहावा. सुमारे ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) या धरणात ६३ टीएमसी मृतसाठाच, म्हणजे सहज सोडता न येणारे तळाचे पाणी आहे; त्यालाच हात घालायची वेळ येऊन धरण वजा पातळीत गेले की आपण आभाळाकडे बोट दाखवता. राज्यातील लागवडीच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सत्तर टक्के पाणी घेतो, असे सांगितले जाते. सत्तरऐवजी साठ धरा, माझा प्रश्न बदलत नाही. ऊस लावणाऱ्याला मी खलनायक ठरवत नाही, कारण कारखान्याच्या दारात त्याला दराची शाश्वती आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळूनही तशी हमखास खरेदी नाही. तीसहून अधिक कारखान्यांच्या या जिल्ह्यात पाऊस कमी पडतो हे हवामानशास्त्र सांगेल; पण त्या कमी पाण्याची वाटणी कोण ठरवतो, हे विचारायला वेगळे शास्त्र लागते. ते विचारणे गैरसोयीचे असल्यानेच बहुधा ‘अव्यावहारिक’ ठरले असावे.

सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर पसरले, गावेच्या गावे निर्बंधांत सापडली, मग ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले; माळढोक मात्र जवळजवळ दिसेनासा झाला. माळावर राहणाऱ्यांना आधी विचारले असते तर, असे माझे विद्यार्थी विचारतात.

या विद्याशाखेवर आक्षेपही आहेत: व्हेडा आणि वॉल्टर्स या संशोधकांनी १९९९ साली लिहिले की तिचे अभ्यासक पुरावा पाहण्याआधीच राजकारणाला कारण ठरवून मोकळे होतात. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मला पुरावा हवा: पाण्याचे प्रत्येक आवर्तन कोणासाठी, किती आणि कोणाच्या शिफारशीने सुटले, याच्या नोंदी. त्या मागितल्या की एक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे पाठवते. ही व्यवस्था दुष्काळाने घडवलेली नाही.

प्रस्ताव पुन्हा पाठवत आहे. निदान या वेळी शेरा मारण्याआधी त्या नोंदी खुल्या कराव्यात.

आपला,
सोलापूरचा एक भूगोल-शिक्षक